लोखंडी झाकणाचे पान

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. माझी पाठ उसवली आहे आणि मधले एक पान बोटांच्या घामाने काळे पडले आहे. एकाहत्तरच्या युद्धात बुडालेल्या एका जहाजावरून जिवंत परतलेल्या खलाशाने मला लिहिले. त्याचे नाव गिरधर. जळगावच्या एका लहानशा छापखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी धरणगावच्या वाचनालयात आलो.

धरणगावात लालचंद शेठ कापडाचे दुकान चालवत. त्यांचा आवाज भारदस्त होता. संध्याकाळी ते मला वाचनालयातून आणून दुकानाच्या ओट्यावर मोठ्याने वाचत. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सुटलेली माणसे आणि शाळकरी मुले गर्दी करत. पाणबुडीचा घाव जहाजाला बसला की विडी ओढणारे विडी विसरत. तेव्हा मला वाटे, माझ्यासारखे भाग्यवान पुस्तक नाही.

लोकांचे आवडते पान एकच होते. जहाजाच्या पोटात पाणी शिरते. ते वर चढू नये म्हणून लोखंडी झाकण बंद करावे लागते. इंजिनावरचा एक खलाशी आतच राहतो आणि खालून हातोडी मारत राहतो. त्याचे नाव तिथे छापले आहे, अभिमन.

अभिमनची आई ताईबाई दुकानालगतच्या बोळात राहत असे. तिला वाचता येत नव्हते. पोरगा झोपेतच गेला, त्याला काही कळलेही नाही, असे तिला सांगितले होते. पुस्तकात त्याचे नाव आहे हे ऐकून ती ठेवणीतले लुगडे नेसून ओट्यापाशी आली.

त्या पानाशी शेठ थांबले. "आज इथंच पुरे."

"वाचा ना शेठ!" चुडामण हमाल ओरडला. "तिना आंडोरनं, पोऱ्यानं नाव शे. ऐकू द्या तिले."

सगळ्यांनी तोच गलका केला. शेठना लोकांच्या वाहवेची सवय लागली होती. त्यांनी वाचले.

ताईबाईने विचारले, "कितला येळ वाजत व्हतं, भाऊ?"

शेठनी पुढची ओळ वाचली. "आम्ही तराफ्यावर उतरलो तरी खालून आवाज येत होता."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "तेच वाच, भाऊ." मग ती रोजच येऊ लागली. लोक आता मला ऐकायला नव्हे, तिचा चेहरा बघायला जमू लागले.

मित्रांनो, पुढचे तुमच्याएवढ्या मुलांनी केले. ती मुले तिच्या पत्र्याच्या दारावर दगडाने ठण ठण वाजवत आणि पळून जात. ओट्यावरून मला सारे दिसे. ती धावत येऊन दार उघडी. "कोण शे? अभिमन?" मुले पोट धरून हसत. मोठी माणसेही हसत. एकाने तर गिरधर आल्याचे सोंग करून "मी गिरधर उनू शे" असे ओरडायची युक्ती काढली. त्या युक्तीलाही ताईबाई अनेकदा फसली. पुढे तिने ओट्यावर येणे सोडले. मग दार उघडणेही सोडले.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात गिरधर सत्कारासाठी गावात आला. हारतुरे झाल्यावर त्याने ताईबाईचे घर विचारले आणि मला काखेत घेऊन तो शेठबरोबर बोळात शिरला.

"अभिमन झाकणाखालून आईसाठी काहीतरी बोलला होता," तो म्हणाला. "ते मी छापलं नाही."

"काय बोलला?"

"तुम्हाला नाही सांगणार, शेठ. ते तिचं आहे."

त्याने दार वाजवले. "आई, मी गिरधर. अभिमनचा जोडीदार."

आतून आवाज आला, "काल बी गिरधर उना व्हता. जा रे पोरंहो, आपापलं घर जा."

"ताईबाई, हा खरोखरचा गिरधर आहे!" शेठ म्हणाले. आत कुणी उठले नाही. गिरधरने पुन्हा वाजवले, तशी ती आत मोठमोठ्याने रडू लागली. त्याने हात मागे घेतला.

"काल कोण आलं होतं?" त्याने विचारले. शेठनी मुलांची युक्ती सांगितली.

गिरधरने मला त्यांच्या हातात दिले आणि तो भुसावळच्या गाडीने निघून गेला. उन्हाळ्यात ताईबाई वारली. अभिमन काय बोलला होता, ते माझ्या कोणत्याच पानावर नाही.

मित्रांनो, मला भिजवू नका, फाडू नका, असे मी सांगायला हवे. पण फाटलेले पान खळीने चिकटते. एवढेच ऐका. माझ्यात ज्यांची नावे छापली आहेत, त्यांची घरे तुमच्याच गावात असतात. मला वाचून झाले की त्या दारांवरून जाताना हळू जा.