पावसाभोवतीचं लाकूड

...वहाण तांदळाच्या दाण्याएवढी, गवताची, आणि तिचा सुटलेला बंद बांधायला तो माणूस रस्त्याच्या कडेला असा वाकला होता की त्याचा चेहराच दिसत नव्हता — पाठ, पाठीवरचं गाठोडं, पालथ्या परडीसारखी टोपी, बस. मागे केवढा तरी डोंगर, माथ्यावर बर्फ, खाली निळं होत होत काळं पडत गेलेलं पाणी. आणि ह्याचं सगळं लक्ष त्या बंदाकडे. सानिका इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने चित्रावरची काच धुरकटली. पाय दुखत असतील का त्याचे?

लेकीला, जुईला, शाळेसाठी कुठल्यातरी चित्रावर लिहायचं होतं, म्हणून रविवारी सकाळी तिघं या लहानशा गॅलरीत आली होती. जुन्या जपानी छापचित्रांचं प्रदर्शन. बाहेर वेलिंग्टनचा जुलैमधला, ऐन हिवाळ्यातला वारा दार आपटत होता. जेवण झालं की विवेक हॅमिल्टनला निघणार — सरकारी खात्यातली नोकरी गेल्यापासून हे असंच चाललं होतं. आठवडाभर तिकडे, दुधाच्या कंपनीत, भाड्याच्या एका खोलीत, आणि शुक्रवारी रात्री सहा-सात तासांचा रस्ता अंगावर घेऊन घरी. आता तिकडे नदीजवळ तिघांना पुरेल असं घर मिळत होतं. घरमालकाला उद्या कळवायचं होतं. सकाळी चहा पिताना त्याने विचारलं नाही, आणि तिने ‘नाही’ तयार ठेवलेलं होतं ते तसंच राहिलं. आधी, या देशात आल्या आल्या, मनुरेवातली चौघींत वाटून घेतलेली खोली, मग इथलं घर... हॉस्पिटलच्या फार्मसीत आत्ता कुठे सगळे ‘सानिका’ नीट म्हणायला लागलेत. पुन्हा उचलायचं सगळं? मी नाही उचलणार.

“सानू, हे बघ.” विवेक एका काचेच्या पेटीपाशी उभा होता.

आत कोरलेली फळी होती, शाईने काळी पडलेली. शेजारी लिहिलं होतं — एकाने चित्र काढायचं, दुसऱ्याने कोरायचं, तिसऱ्याने छापायचं; प्रत्येक रंगाची फळी वेगळी, आणि कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून कोपऱ्यात एक खाच. सानिकाला हे लगेच कळलं. रोज मिलिग्रॅममध्ये औषधं मोजणाऱ्या हाताला न हलणं म्हणजे काय ते ठाऊक असतं. पण मग तिला त्या फळीवरचा पाऊस दिसला. केसाएवढ्या बारीक, तिरप्या, उंच राहिलेल्या रेघा... आतापर्यंत तिला वाटत होतं, पाऊस कोरलेला असणार. तसं नव्हतं. पाऊस राहू दिलेला होता; त्याच्याभोवतीचं लाकूड काढून टाकलं होतं. कुणीतरी बसून, श्वास आवरून, जे जे पाऊस नाही तेवढंच काढत गेला होता — आणि एकही रेघ तुटू दिली नव्हती.

“कसं केलं असेल रे?” ती पुटपुटली. तिला खरोखर भरून आलं होतं.

त्याच फळीवरून छापलेलं चित्र भिंतीवर होतं. चढाचा रस्ता, सरींमध्ये बुडालेली झाडी, पालखी वाहणारे दोघे, पोटऱ्या ताठ झालेल्या. एक बाई उडू पाहणारी टोपी दोन्ही हातांनी धरून चक्क हसत होती.

“व्हाय डोन्ट दे जस्ट वेट?” जुई म्हणाली. “देअर्स अ शेड राइट देअर.”

विवेक हसला. “मुक्कामाला पोचायचं असतं गं. थांबलं की अंधार होतो.”

किती सहज म्हणाला... सानिकाने त्याच्याकडे पाहिलं. याच्या रस्त्याबद्दल मला काय माहीत आहे? रविवारी दार लागतं, आणि मग फोनवर एक शब्द येतो — पोचलो. तो निघतो आणि पोचतो. मधलं काही नसतंच. आणि या चित्रकाराने तर फक्त मधलंच काढलं होतं, भिंतभर. घर नाही, पोचणं नाही, आणि तरी कीव करावी असं कुणीच नव्हतं त्यात. एका चित्रातल्या घोड्याच्या पाठमोऱ्या ढुंगणापर्यंत सगळं त्याला आवडलेलं दिसत होतं.

“वाटेतल्या त्या उंचावरच्या डेझर्ट रोडवर बर्फ पडलं की तू काय करतोस?” तिने विचारलं.

विवेकला प्रश्नाचं नवल वाटलं. “बंद असला तर वळसा घालून जातो. उघडा असला तर हळू.” तो पुन्हा चित्राकडे वळला. “मागे एकदा वायोरूला अडकलो होतो. रस्ता उघडायची वाट बघत गाडीत बसलेलो. एका ट्रकवाल्याने काचेवर टकटक केली. मला वाटलं, काहीतरी चुकलं आपलं. तर म्हणाला, उतर, बघ. ढग फाटले होते. सगळा रुआपेहू डोंगर समोर... गुलाबी.”

“मला सांगितलं नाहीस.”

“फोटो नाही काढला. आणि रविवारी तू चिडलेली असतेस ना.”

तक्रार नव्हती त्यात. हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हणाला. हो, असते मी चिडलेली... तिने जॅकेटची चेन वर ओढली, पुन्हा खाली केली. आपला नवरा बर्फात एका परक्या माणसाशेजारी, खिशात हात घालून, मान वर करून उभा — याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. तशी ती तयारही झाली, आणि वाईट वाटेचना. वाटत होतं ते भलतंच, काहीसं लाजिरवाणं. तिला त्याचा हेवा वाटत होता.

जुई पुढच्या चित्राकडे गेली होती. विवेकने घड्याळ पाहिलं आणि बाही पुन्हा खाली ओढली.

“गुलाबी म्हणजे कसा?” सानिकाने विचारलं.

“म्हणजे...” त्याने हात उचलला, हवेत काहीतरी वरून खाली पुसत आणलं, आणि ओशाळून हसला. “नाही सांगता येत.”

घराबद्दलचं उद्याचं उत्तर तसंच पडून होतं. त्याला आत्ता हात लावावा असं तिला वाटेना. ती त्याच्या हाताकडे पाहत राहिली — गुलाबी, पण कुठला? पहाटेचा, की ऊन उतरतानाचा? बर्फाच्या आतून आलेला, की वरून सांडलेला? — एकेक रंग मनात लावून बघत होती, आणि एकही नेमका बसत नव्हता, आणि हे असं न बसणं तिला कधी नव्हे इतकं अस्वस्थ, आणि जागं, करत होतं...