काच फुटली नव्हती

वसमतमध्ये माझ्याइतक्या खिडक्या कुणी बसवल्या नसतील. हे मी पूर्वी मिशीला पीळ देत सांगायचो, आता सांगताना जीभ अडखळते. अ‍ॅल्युमिनियमची चौकट माझी, काच जलालुद्दीन चाचांची, अशी आमची वीस वर्षांची जोडी. चाचा बोलायला मऊ आणि मी तापट. भांडणात नेहमी मीच जिंकायचो, कारण चाचा भांडायचेच नाहीत.

माझी धाकटी बहीण दीक्षा ओढ्याकाठी अभ्यासिका चालवते. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी तिथं वाचायला बसतात. गेल्या वर्षी ओढ्याचं पाणी शटरच्या फटीतून आत शिरलं आणि पुस्तकांचा लगदा झाला. दीक्षानं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. मग तिनंच नांदेडच्या एका इंजिनिअरला गाठलं. त्यानं सांगितलं, शटर काढा आणि तिथं लॅमिनेटेड काच बसवा. दोन जाड काचा आणि मध्ये चिवट पारदर्शक थर. तडकली तरी तुकडे सुटत नाहीत, पाणी अडतं आणि उजेडही मिळतो. येण्याजाण्याचं दार मागच्या उंच गल्लीत होतंच.

नमुन्याचा तुकडा आला तेव्हा चाचांनी तो आमच्या अंगणात ठेवला आणि आईच्या हातात हातोडा दिला. आईनं पदर खोचून तीन घाव घातले. काचेवर पांढरं जाळं उठलं, पण भोक काही पडलं नाही.

"मेली माझ्या सासूवानी हाय," आई म्हणाली. "किती बी हाना, जागची हालत न्हाई."

माझं आणि चाचांचं वाजलं ते पट्टीवरून. काच चौकटीत बसवताना एका बाजूला चौकटीचाच पक्का काठ असतो, दुसऱ्या बाजूनं पट्टी ठेवून स्क्रू मारायचे असतात. इंजिनिअरच्या कागदावर पट्टी बाहेरून दाखवली होती. मी आतून लावायला घेतली.

"परमोद, कागदावर बाहेरून हाय," चाचा म्हणाले. "पानी बाहेरून ढकलनार. काच पक्क्या काठाला टेकाया पायजे, पट्टीला न्हाई."

"बाहेरून पट्टी म्हंजे चोराला आवतन, चाचा. चार स्क्रू फिरवले की आत. इंजिनिअर नांदेडात ऱ्हातो, चोर वसमतात ऱ्हातेत."

"पन पान्याचा जोर..."

"तुमी काचेचं बघा. चौकट माझी हाय."

चाचांनी कागदाची घडी घातली. "मंग स्क्रू तरी मोठे घाल," एवढंच म्हणाले. मी घातले. वीस वर्षांत मी एकही पट्टी बाहेरून मारली नव्हती आणि माझ्या खिडकीतून एकही चोर आत गेला नव्हता. मला कोण शिकवणार?

सप्टेंबरात दोन दिवस झड लागली आणि तिसऱ्या दुपारी ओढा फुगला. मी मागच्या गल्लीतून अभ्यासिकेत पोहोचलो. पोरांना दीक्षानं आधीच घरी पाठवलं होतं. काचेबाहेर गढूळ पाणी कमरेपर्यंत चढलं होतं आणि आत फरशी कोरडी ठाक. खरं सांगतो, माझी छाती फुगली.

"दादा, बघ की! एक थेंब न्हाई आत!" दीक्षा काचेजवळ उभी राहून मोबाइलवर शूटिंग करत होती.

तेवढ्यात मागच्या दारातून चाचा आले. चिंब भिजलेले, धापा टाकत.

"परमोद, आधी लेकराला हिकडं वढ!"

"काहून? काच तर मस्त..."

"काच न्हाई रे! पट्टी बघ!"

मी खाली पाहिलं. खालची पट्टी मधोमध फुगली होती. टक् असा आवाज झाला आणि एक स्क्रू फरशीवरून घरंगळत माझ्या पायाशी आला. माझ्या तोंडून हाक निघेपर्यंत उशीर झाला होता. काच अख्खीच्या अख्खी, साधा ओरखडासुद्धा न पडता, आत आली.

पाण्यानं आम्हाला भिंतीवर आपटलं. उठून उभा राहिलो तेव्हा खोलीत कमरेएवढं पाणी होतं. काच लोखंडी कपाटावर तिरपी पडली होती आणि काच-कपाटाच्या मध्ये दीक्षा अडकली होती, अर्धवट बसलेली, हनुवटीपर्यंत पाण्यात. तिचा तळवा काचेला चिकटला होता. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला सगळं दिसत होतं. एवढी स्वच्छ काच मी आयुष्यात बसवली नव्हती.

माझं डोकं बंद पडलं. दाराच्या पायरीवर माझी हत्यारांची पेटी होती. त्यातला हातोडा काढला आणि काचेवर घातला. एकदा, दोनदा, पाचदा. काचेवर पांढरं जाळं पसरलं आणि दीक्षाचा चेहरा त्यामागे गेला. आता मला माझी बहीणच दिसेना.

"मारू नको!" चाचा किंचाळले. वीस वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "फुटनार न्हाई ती! उचल!"

त्यांनी कडेखाली खांदा घातला. गल्लीतली माणसं धावून आली. सहा जणांनी मिळून काच वर केली आणि दीक्षाला ओढून काढलं. पायरीवर तिनं भडाभडा पाणी ओकलं, मग रडली. मी हातोडा धरून तसाच उभा होतो. तो माझ्या हातातून कुणी काढून घेतला, मला आठवत नाही.

दीक्षाच्या दोन बरगड्या आणि गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. जीव वाचला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की चाचांची काच फुटली. जो बघायला जाई त्याला ते पांढरं जाळं दिसे. "बुढ्ढ्यानं खोटा माल दिला," असं दवाखान्याच्या दारातच एक जण बोलला. ते जाळं माझ्या हातोड्याचं होतं. मी ऐकलं आणि चहा पीत राहिलो. दोन दिवस मी चहा पीत राहिलो. लाज वाटते सांगायला.

तिसऱ्या दिवशी चाचा खिचडीचा डबा घेऊन दवाखान्यात आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. दीक्षानं त्यांच्याकडे पाहिलं.

"चाचा, मला नीट आठवना. समदे म्हनतेत, तुमची काच फुटली."

चाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हय बेटी," ते म्हणाले. "माझी चूक झाली."

मला आधी त्यांचाच राग आला. माणसानं इतकं सोसावं कशाला? मग कळलं की राग त्यांचा नव्हता.

"काच न्हाई फुटली," मी म्हणालो. "अख्खी आली आत. पट्टी मी आतून मारली व्हती. चाचा नको म्हनले व्हते. ते जाळं नंतर मी हातोड्यानं..."

दीक्षानं मान हळूच चाचांकडे वळवली.

"तुमाला म्हाईत व्हतं. मला काहून न्हाई सांगितलं?"

चाचांनी डबा खाटेखाली ठेवला. "तुझा भाऊ हाय तो, बेटी. त्याच्यापुढं बोलायचं मी कधीच सोडून दिलतं."

"उजेड चांगला येतो म्हनून मी रोज त्या काचेला पाठ टेकून वाचत व्हते," दीक्षा म्हणाली. तिला बोलताना बरगडी दुखत होती, तरी ती थांबली नाही. "तुमी दोघंबी येऊन बघून जात व्हते. माझ्यासंगं चहा पेत व्हते. आता दोघंबी बाहेर जा."

आम्ही दोघं उठलो.