गाळपेरीची वाट

जनार्दनरावांचा कलता बंगला सावरून द्यायचं नथूने कबूल केलं, तेव्हा त्याला त्यात तीन लाभ दिसत होते. पहिला, दोन महिन्यांची मजुरी. दुसरा, पडता बंगला उभा करणारा गवंडी म्हणून वाडीत नाव. हे दोन तो चारचौघांत बोलून दाखवी. तिसरा फक्त त्याच्या बायकोला, साळूबाईला ठाऊक होता, आणि खरी भूक तीच होती: बंगल्याच्या कडेने पाण्याकडे उतरणारी वाट. सायबावर एवढा उपकार केल्यावर ती वाट कोण अडवतंय?

मुळशी धरणाचं पाणी पावसाळ्यानंतर हळूहळू खाली सरकतं आणि काठाला गाळाची पट्टी उघडी पडते. त्या पट्टीत नथूच्या घरचं माणूस आजोबांपासून कडधान्य पेरत आलं होतं. पट्टीवर उतरायची वाट नथूच्याच जमिनीतून जायची. ती जमीन त्याने दोन हजार एक साली जनार्दनरावांना विकली. हे मूळचे अमरावतीचे, नोकरीपायी पुण्यात आलेले, भुकूमला फ्लॅट. पण बंगला हवा तो पाण्याच्या अगदी काठाला. साळूबाईच्या चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी खाताना त्यांनी शब्द दिला होता, “वाट तुमचीच हो, नथूभाऊ.” कागदावर मात्र वाट नव्हती. का नव्हती, ते नथू सहसा आठवत नसे.

पाच सालच्या जुलैत तीन दिवस वादळवारा सुटला. भरलेल्या धरणाच्या लाटा काठाला धडका देत राहिल्या आणि बंगल्याच्या खालच्या कोपऱ्याची माती पाण्यात गेली. हॉलच्या भिंतीत तळहात जाईल एवढी भेग पडली. पुण्याहून आलेल्या ठेकेदाराने मान हलवली, “पाडून नवा बांधा.”

“पाडायचं काय कारन?” नथू म्हणाला. “जुन्या पायाखाली नवा पाया घालू.”

“झोपेत डोक्यावर नाही ना येणार?” जनार्दनरावांच्या पत्नी नलिनीबाईंनी विचारलं.

“बाई, मीच आत झोपतो. मग तर झालं?”

आणि पाणी उतरल्यावर काम लागलं, तेव्हा तो खरंच आत झोपला. आधी बल्ल्यांचे टेकू लावले. मग पायाखालची चार फूट माती काढायची, पुढची चार फूट तशीच ठेवायची. काढलेल्या जागी काँक्रीट भरून ते पक्कं झालं की मगच ठेवलेल्या तुकड्याला हात लावायचा. घाई केली तर घर बसलंच. नथूने घाई केली नाही. सिमेंट पिरंगुटहून येत होतं, पण काठाकडच्या आधारभिंतीला दगड कमी पडला. नथूने स्वतःच्याच वाटेचे दगड काढायला घेतले. आजोबांनी उतारावर रचलेले, घडीव, पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले.

“आवं, वाट मोडून सायबाचं घर सावरताय,” साळूबाई म्हणाली, “मग वाट कोन सावरनार?”

“सायेब पायऱ्या बांधून देनार हायेत. सिमिटाच्या! तू रानीवानी उतरशील.”

“मला न्हाई रानी व्हायचं. मला पाटी घिऊन उतरायचंय.”

भिंतीत नथूने वाटेपुरती चार फुटांची फट ठेवली होती. शेवटच्या आठवड्यात जनार्दनराव तिच्यासमोर उभे राहिले. “इंजिनियर म्हणतो, भिंत सलग पाहिजे. पुढच्या पावसात पाणी इथूनच शिरेल. सध्या बंद करा ना भाऊ, पायऱ्यांचं मग बघू.”

गवंडी म्हणून नथूला ते पटलं. हेच वाईट झालं. त्याने स्वतःच्या हातांनी फट बुजवली, आणि इतकी बेमालूम, की फट कुठे होती ते दुसऱ्या दिवशी त्यालाच शोधावं लागलं.

पंधरा दिवसांनी साळूबाई बियाण्याची पाटी घेऊन निघाली, तर रस्त्याकडे नवं फाटक आणि फाटकाला कुलूप. नथूने हाका मारल्या. जनार्दनरावांनी त्याला एकट्याला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. चहाबरोबर एक फाईल आली.

“ही सही तुमचीच ना?”

सही त्याचीच होती. ‘सदर जमिनीतून कोणाचीही वहिवाट नाही.’ वाटेची जमीन म्हटली की भाव पडतो, म्हणून विक्रीच्या वेळी नथूनेच हे हौसेने लिहून दिलं होतं.

“मी तर म्हटलं होतं, वाट लिहू या. तुम्हीच नको म्हणाले.”

“ते कागदापुरतं व्हतं, सायेब.”

“मी पण कागदापुरतंच बोलतो आहे.”

“आन भाकरी खाताना दिलेला शब्द?”

जनार्दनराव कपातली साय बाजूला सारत राहिले. नलिनीबाई दारातून हळूच म्हणाल्या, “अहो, साळूबाईंना एकट्यांना येऊ देऊ या की.”

“एकाला सोडलं की वाट होते, नलिनी. उद्या घर विकायचं झालं तर?”

नथूने चहा तसाच ठेवला. बाहेर येऊन त्याने भिंतीवरून हात फिरवला. एखादा दगड हलला असता तर शिवी घालून उपटून काढला असता. पण दगड आजोबांचे आणि रचलेले त्याच्या हाताने; एकही हलेना. एवढं चोख काम त्याने स्वतःच्या घराचंही केलं नव्हतं. फाटकाबाहेर साळूबाई पाटी डोक्यावर घेऊन उभीच होती. त्याचा चेहरा पाहून ती ओढ्याकडून जाणाऱ्या लांबच्या वाटेने चालू लागली.

आता कुणी काय भरलं ते पाहू. जनार्दनरावांनी मजुरी दिली, एक रुपया बाकी ठेवला नाही. बंगला उभा आहे, भेग बुजली आहे. नथूचे दगड गेले, पण नाव झालं; अजून लोक त्याला पडकी घरं दाखवायला नेतात. राहिलेलं सगळं साळूबाईने भरलं. ओढ्याला वळसा घालून पाऊण तास जायचं, पाऊण तास यायचं, पेरणीपासून काढणीपर्यंत, ओझं डोक्यावर घेऊन. सही तिची कुठेच नव्हती.