वरचा आवाज, खालचा आवाज

गिऱ्हाइकाने गाडीचा आवाज आधी स्वतःच्या तोंडाने काढून दाखवावा, असा फलक गॅरेजच्या दारावर चार महिन्यांपूर्वी लागला, तेव्हा लोकांना वाटलं, थोरल्या मेस्त्रींनी काहीतरी नवीन शास्त्र शोधून काढलंय. लोक निमूटपणे आवाज काढू लागले. बँकेतल्या एका साहेबांनी टाय सैल करून भर फुटपाथवर ‘घर्रर्र-टक्’ केलं, आणि ‘टक्’ मनासारखा बसला नाही म्हणून पुन्हा केलं. एक लाजाळू गृहस्थ या कामासाठी आपल्या मेव्हण्याला घेऊन आले.

खरी गोष्ट फार साधी होती. तीस वर्षं नुसत्या कानाने गाड्यांची दुखणी ओळखणाऱ्या थोरल्या मेस्त्रींना बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे झाले होते. कानाच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवून सांगितलं होतं, आवाज आला की बटण दाबा. थोरल्यांनी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघून बघून बटण दाबलं. तरीही नापास झाले. हे त्यांनी घरी सांगितलं नाही, आणि गॅरेजात सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. सबंध गाव त्यांना ‘कानवाले’ म्हणत असे.

पण धाकट्या भावाला काहीतरी खुपत होतं. गेल्या महिन्यात दुरुस्त केलेल्या दोन गाड्या तोच आवाज करत परत आल्या होत्या.

“दादा, हे बघ,” धाकटे म्हणाले, “आज मास्तरांची गाडी येतेय. तिचा आवाज तू शोधलास तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही शोधलास तर उद्यापासून तू काउंटरवर बसायचं आणि फोन घ्यायचा. तपासणी मी करणार.”

“फोन?” थोरले म्हणाले. एखाद्याने त्यांना बालवाडीत बसायला सांगितलं असतं तरी त्यांचा चेहरा एवढा पडला नसता.

धाकट्यांनी मध्यंतरी गाडीला जोडून दोष सांगणारं एक मशीन आणलं होतं. पण मास्तरांची गाडी बावीस वर्षांची. त्या मशीनची वायर खुपसायला तिच्यात जागाच नव्हती. तरी धाकट्यांनी ते बॉनेटवर ठेवलं. शेजारी असलं की बरं वाटतं, म्हणाले.

भूगोलाचे निवृत्त मास्तर सहकुटुंब आले होते. पुढे ते आणि त्यांच्या पत्नी, मागे सासूबाई. फलक वाचून मास्तरांनी घसा खाकरला.

“गाडीने वेग घेतला की असा आवाज येतो,” ते म्हणाले, आणि त्यांनी ओठांचा चंबू केला. गळ्याच्या शिरा ताणल्या. डोळे मिटले. समोरच्या दुकानातलं कुत्रं उठून उभं राहिलं.

थोरल्यांना काहीही ऐकू आलं नाही.

“हं,” ते गंभीरपणे म्हणाले. “आणखी एकदा. जरा जाडसर काढा.”

“अहो, जाडसर नाहीच आहे तो! कुंईईई, असा आहे.”

“कुंई वगैरे काही नाही हो,” मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या. “यांच्या मनाचे खेळ. गाडी सुरू करून क्लच सोडला की खाली ‘खट्’ होतं. एकदाच. कोणीतरी खालून दार वाजवल्यासारखं.”

“दोघंही चुकताय,” सासूबाई मागून म्हणाल्या. “गुरगुरतंय ते. माझ्या सीटखाली. तुझे बाबा दुपारी झोपल्यावर घोरायचे ना, अगदी तस्सं. मला तर मेलं सोबत असल्यासारखं वाटतं.”

“तीन महिने हेच चाललंय,” मास्तर धाकट्यांना म्हणाले. “घरात तीन गट पडलेत. जेवताना एकमेकांशी बोलत नाही आम्ही.”

“जावईबापू तसेही बोलत नाहीत,” सासूबाई म्हणाल्या.

धाकट्यांनी भावाकडे पाहिलं. थोरल्यांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. तीन माणसं, तीन आवाज, आणि त्यातला एक तर त्यांच्यासाठी जगातच नव्हता. पण गुरगुर आणि खट् यांच्याशी त्यांची जुनी ओळख होती. कानाला जमत नसेल तर अंगाला विचारावं, असं त्यांनी ठरवलं.

“मी मागे झोपतो,” त्यांनी जाहीर केलं. “जमिनीवर.”

“माझे पाय?” सासूबाईंनी विचारलं.

“माझ्या अंगावर ठेवा.”

“चपलांसकट?”

“काढलेल्या बऱ्या.”

अशा रीतीने गाडी निघाली. धाकटे चालवायला, शेजारी मास्तर, मागच्या सीटवर मायलेकी, आणि त्यांच्या पायांखाली आडवे झालेले थोरले मेस्त्री. मागच्या चाकांना फिरवणारा लांब लोखंडी दांडा जिथून जातो, त्या मधल्या उंचवट्यावर त्यांनी गाल टेकवला होता. तोंडात दोन फुटी स्क्रूड्रायव्हरची मूठ धरली होती, आणि त्याचं टोक पत्र्याला लावलं होतं. सिग्नलला शेजारच्या बसमधल्या एका बाईंनी आत डोकावून पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

धाकट्यांनी क्लच सोडला. थोरल्यांच्या बत्तिशीत ‘खट्’ झालं. गाडी पुढे गेली तशी जबड्यात जाड गुरगुर भरत गेली. त्या जागेवरून पुढे सरकावं तर ती विरळ होई, मागे सरकावं तरी विरळ होई. नेमकी सासूबाईंच्या टाचांखाली ती सगळ्यात दाट होती.

“हापडलं!” थोरले स्क्रूड्रायव्हर न काढता ओरडले.

“काय म्हणतायत ते?” मास्तरांनी विचारलं.

“सापडलं म्हणतायत,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांची कवळी काढली की असंच बोलायचे.”

गॅरेजात गाडी वर उचलली. थोरल्यांनी दांडा मध्यावर धरून हलवला, तसा तो झोपाळ्यासारखा झुलला. दांड्याला मधोमध आधार देणाऱ्या बेअरिंगभोवतीचं रबर फाटून लोंबत होतं. बेअरिंग घासायचं म्हणून गुरगुर, आणि दांडा खाली लोंबायचा म्हणून निघताना खट्. मायलेकी दोघी बरोबर होत्या. त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं की मास्तर उगाचच टायरची हवा तपासू लागले.

धाकट्यांनी कबूल केलं, “मानलं, दादा.” थोरल्यांचा जीव भांड्यात पडला. दुपारपर्यंत नवीन बेअरिंग बसलं आणि सगळे पुन्हा गाडीत बसले. या वेळी थोरले पुढे, ताठ. क्लच सोडला, खट् नाही. वेग घेतला, गुरगुर नाही. थोरल्यांनी डोळे मिटून मोठ्या समाधानाने मान डोलावली.

“ऐका,” ते म्हणाले. “याला म्हणतात शांतता. सुईसुद्धा पडली तर ऐकू येईल.”

थोरल्यांनी डोळे उघडले. मास्तर, त्यांच्या पत्नी आणि धाकटे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. धाकट्यांचं तर रस्त्याकडे लक्षच नव्हतं.

“मेस्त्री,” मास्तरांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, “यांची कुंई... आता मलासुद्धा ऐकू येतेय. गुरगुर थांबली ना, म्हणून. चांगली मोठी आहे हो.”

“दादा,” धाकट्यांनी गाडी कडेला घेतली. “तुला खरंच येत नाहीये?”

थापा मारायच्या तर आत्ताच, हे थोरल्यांना कळत होतं. नवीन बेअरिंग रुळतंय, असं म्हणता आलं असतं. पण तशाच गाडीतून ही माणसं रोज फिरणार होती.

“नाही येत,” ते म्हणाले. “चार महिने झाले. बारीक काहीच येत नाही. म्हणून तो फलक. उद्यापासून बसतो मी फोनवर. फोनची घंटासुद्धा ऐकू येत नाही, पण बसतो.”

“मलाही नाही येत,” सासूबाई मागून म्हणाल्या. “तीन महिने मी या माणसाला वेडा समजत होते.”

“आई!” मास्तर म्हणाले.

“समजत होते म्हटलं. आता नाही समजत. दोन्हींत फरक आहे.”

धाकटे खाली उतरले, रस्त्याच्या कडेला पाठीवर झोपून गाडीखाली शिरले आणि त्यांनी गाडीला मागून धक्का द्यायला सांगितलं. मास्तरांनी आणि थोरल्यांनी गाडी हातभर पुढे ढकलली. “थांबा! इथे आहे!” खालून आवाज आला. लोंबणाऱ्या दांड्याने हँडब्रेकच्या केबलची पकड कधीतरी तोडली होती. केबल सुटून दांड्याला टेकत होती आणि दर फेऱ्याला किंचाळत होती. थोरल्यांनी वाकून पाहिलं, खिशातून तार काढली आणि अशी एक गाठ मारून दिली की धाकट्यांना ती दोनदा बघावी लागली.

“ही गाठ मला येत नाही,” धाकटे म्हणाले.

“आणि मला कुंई.”

धाकटे गाडीखालून सरपटत बाहेर आले. पाठ झटकताना ते थोरल्यांकडे न बघता म्हणाले, “फोन आपण त्या मशीनशेजारी ठेवू. वाजला की मी घेईन. तू दांड्यावर झोप.”

“सासूबाईंचे पाय?”

“त्याची व्यवस्था तू बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याची गाडी आली. दूधवाल्याने फलक वाचला, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. फलक लिहिल्यापासून पहिल्यांदाच दोघे भाऊ एकदम पुढे झाले, आणि दोघांनी एका सुरात विचारलं, “थांबा, थांबा. वरचा आहे का खालचा?”