एका दिव्याचे दोन अर्थ

या, असे जवळ सरकून बसा. पाय हवे तर पसरा, मन तेवढं आवरून घ्या. दोन भावांच्या टकरीची गोष्ट सांगायची आहे. टक्कर खोटी होती, पण लागलं मात्र खरं.

ती झाली संगणकाच्या पडद्यावर. टेबलाला स्टिअरिंग आवळायचं, पायाशी ब्रेक ठेवायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि ज्यानं त्यानं आपल्या घरात बसून एकमेकांशी मोटारींची शर्यत लावायची, असा दर रविवारी दुपारी काही जणांचा मेळा भरायचा. त्यात एक न्हावी होता, एक मास्तरीण होती, औषधांच्या दुकानातला एक जण होता. ठोकाठोकी झाली की दोष कुणाचा, हे ठरवायला पंच होती ताई. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळ्यांनी तिलाच पंच केलं.

"अहो, पण माझे दोन सख्खे भाऊ आहेत शर्यतीत," ती म्हणाली होती.

"म्हणून तर!" न्हावी म्हणाला. "सगळ्यात जास्त झापता त्यांनाच."

ते दोघे म्हणजे दादा आणि धाकटा. दादानं उभा जन्म बस चालवली. धाकटा दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. आई आजारी पडली तेव्हा दादाला वाटलं, होईल बरी, पोराला कशाला धावायला लावा. देवाच्या मनात वेगळं होतं. धाकटा पोचला तेव्हा उशीर झाला होता. "मला आधी का नाही कळवलंस?" एवढंच तो म्हणाला आणि दादापुरतं त्यानं तोंडाला कुलूप घातलं. फोन नाही, येणं-जाणं नाही. उरला होता तो रविवार. तिथेही हेडफोनवर सगळे गलका करायचे, हे दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. पण धाकट्याची निळी गाडी मागेपुढे धावताना दिसली की दादाचा आठवडा सुखाचा जाई.

आणि नेमकी तीच निळी गाडी त्याच्या अंगावर आली. सरळ रस्ता संपून डावं वळण लागत होतं. दादा पुढे, धाकटा मागे. वळणात दोघं भिडले आणि भिंतीवर जाऊन आदळले.

"ताई, सरळ दार लावलं त्यानं माझ्या तोंडावर!" धाकटा फोनवर तडतडला. "मी वळणाच्या आतल्या बाजूनं येत होतो. दिवा मारून सांगितलं होतं. तरी वळला!"

"बघते."

"बघते काय? दोन चुका आहेतच त्याच्या नावावर. तिसरी लाव आणि काढ बाहेर."

त्या मेळ्यात तीन चुका म्हणजे शर्यत बंद.

मागोमाग दादाचा फोन. "चिमे, माझीच चूक धर. पोराला राग आलाय."

"आणि तू बाहेर गेलास म्हणजे?"

"मग बघत बसेन की. बघायला बंदी नाही ना?"

ताईची गत झाली आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. दादाला दोषी धरावं तर तो बाहेर. धाकट्याला धरावं तर तो रुसून निघून जाणार. रविवार दोन्हीकडून बुडालाच.

तिनं देवाचं नाव घेतलं आणि टकरीचं चित्र पुन्हा लावलं. नियम सोपा होता. आतून घुसणाऱ्याचं पुढचं चाक वळणाआधी पुढच्या चालकाच्या खांद्याशी आलं, तर पुढच्यानं त्याला गाडीभर जागा सोडायची. नाही आलं, तर मागच्यानं गुमान मागे राहायचं. निळ्या गाडीचं चाक दादाच्या मागच्या चाकाशीच होतं. दोष धाकट्याचा, शंकाच नको.

पण एक गोष्ट तिला खुपली. दादाच्या आधीच्या दोन्ही चुका भलत्याच सौजन्याच्या होत्या. मागे कुणी आलं की तो ऐन ब्रेक लावताना बाजूला सरकायचा आणि येणारा त्याच्यावरच आपटायचा. या वेळी मात्र मागून दिवा चमकला तरी तो निर्धास्त वळला होता. तिनं त्याला विचारलं.

"अगं, अरुंद पुलावर समोरची गाडी दिवा मारते म्हणजे काय? 'या, तुम्ही आधी.' आमच्या डेपोत सगळे तसंच मानायचे." मग त्याचा आवाज खाली आला. "मला वाटलं, पोरगं म्हणतंय, दादा, तू आधी. इतक्या दिवसांनी काहीतरी बोललं. त्या आनंदात वळलो बघ."

ताईनं चष्मा काढून पुसला आणि धाकट्याला फोन लावला.

"चूक तुझी. चाक खांद्याशी नव्हतं. पुढच्या रविवारी सगळ्यात मागून सुटायचं."

"वाटलंच होतं! घे, दादाचीच बाजू घे. सोडली मी शर्यत."

"सोड. पण तुझा दिवा त्याला काय म्हणाला, ते ऐकून सोड."

तिनं सांगितलं.

"त्याला वाटलं, मी... वाट देतोय?"

"हो रे राजा."

त्यानं फोन ठेवला.

रविवारी ताई पडद्यासमोर बसली तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला होता. निळी गाडी होती! सगळ्यांच्या शेपटाला, पण होती. एकेकाला नियमानं, अदबीनं मागे टाकत शेवटच्या फेरीत ती दादाच्या मागे आली. तोच सरळ रस्ता, तेच डावं वळण. आणि दिवा चमकला.

दादा आता शहाणा झाला होता. दिवा म्हणजे 'मी येतोय.' त्यानं आतली बाजू मोकळी सोडली आणि हळू झाला. धाकटाही हळू झाला, कारण आज त्यानं दिवा मारला होता तो डेपोच्या बोलीत. दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत पाहुणे अडून बसावेत तशा दोन्ही गाड्या रेंगाळल्या, आणि न्हावी मधून भुर्रकन निघून गेला.

"अरे, ये की! जागा ठेवलीय तुला!" दादा ओरडला.

"तू जा ना! दिवा मारला ना मी!"

"दिवा मारलास म्हणजे तू येणार!"

"तुझ्या पुलावरचा दिवा होता तो, दादा!"

हेडफोनवरचा गलका एकदम थांबला. मग पुढून न्हावी म्हणाला, "चालू द्या तुमचं निवांत. मी तोवर जिंकून येतो."

ताई हसता हसता रडायला लागली. शर्यत संपली, बाकीचे निरोप घेऊन गेले, पण दोघा भावांनी काही हेडफोन उतरवले नाहीत.

"दादा," धाकट्यानं विचारलं, "शेवटी आई काय म्हणाली रे?"

दादा सांगू लागला. ताईनं आपला हेडफोन हळूच काढून टेबलावर ठेवला. ते वळण त्या दोघांचं होतं.

तेव्हा मायबापहो, रस्त्यात कुणी दिवा मारून तुम्हाला वाट दिली, तर पुलाच्या अलीकडे बस उभी करून समोरच्याला आधी जाऊ देणाऱ्या आमच्या त्या दादाची एकदा आठवण काढा.