जमिनीवरची दोरी

कोपर पश्चिमेला सोसायटीच्या फाटकावर फ्लेक्स लागायला फार मोठं कारण लागत नाही. दहावीचा निकाल, कुणाचा वाढदिवस, कुणाची नगरसेवकाशी ओळख, काहीही चालतं. आपण सगळेच त्या फ्लेक्सना हसतो, आणि आपल्या घरचा लागला की त्याखाली उभं राहून फोटोही काढून घेतो.

त्या गुरुवारी सकाळी फाटकावर भालेराव आजोबांची नात झळकली. 'आफ्रिकेतील सर्वोच्च शिखर किलिमांजारो सर केल्याबद्दल कु. ऋजुता भालेराव हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली कोपऱ्यात आजोबांचाही जुना फोटो होता, 'ज्येष्ठ गिर्यारोहक रवींद्र भालेराव' असं लिहिलेला. अडचण एकच होती. ऋजुता अजून शिखरावर पोचलेलीच नव्हती. ती शेवटच्या तळावर होती आणि शिखर दुसऱ्या दिवशी गाठायचं होतं.

आजोबांनी हे सेक्रेटरी प्रशांतच्या कानावर घातलं, तर तो हसला. "काका, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. फ्लेक्सवाला नंतर वेळ देत नाही. आणि भालेरावांची नात काय अर्ध्यातून परत येणारे?"

आजोबांनाही ते ऐकून बरंच वाटलं. प्रशांतने फ्लेक्सचा फोटो लगेच ऋजुताला पाठवून दिला.

घरी येऊन आजोबा नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या फोटोसमोर थांबले. बुद्धांच्या तसबिरीशेजारी चाळीस वर्षं टांगलेला तो फोटो. माकडटोपी घातलेले तरुण रवींद्र, बाजूला दगडांची रास, तिच्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका.

चौऱ्याऐंशी साल होतं ते. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात रवींद्र आणि सहदेव शेजारशेजारच्या लेथवर काम करत. सुट्टीच्या दिवशी माहुली, नाहीतर मलंगगड. एका वर्षी दोघांनी साठवलेली सगळी रजा काढली आणि हिमाचलातल्या एका उंच खिंडीकडे निघाले. पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर शिलाईवाल्याकडून शिवून घेतलेल्या पिशव्या, डब्यात रवींद्रच्या बायकोने, मालनने दिलेली लसणाची चटणी. पहिल्या बर्फाच्या घासाबरोबर सहदेवने तीच चटणी खाल्ली होती आणि म्हणाला होता, "वहिनींना सांगू, गोळा मस्त झाला, फक्त सरबत विसरलं." आठवलं की आजोबांना अजून हसू येई.

पण ऋजुताने लहानपणापासून ऐकलेली गोष्ट वेगळी होती. तिच्यात सहदेव फारसा नसे. तिच्यात आजोबांचं डोकं फुटायला आलेलं असे, पोटात अन्न ठरत नसे, आणि तरीही आजोबा मागे न फिरता खिंडीवर पोचत.

दुपारी ऋजुताचा फोन आला. तिचे आईबाबा कामावर गेले होते, म्हणून आजोबांनीच स्पीकरवर उचलला. आवाज जड होता, शब्द एकमेकांवर घसरत होते. कालपासून डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली होती. गाईड जोसेफने विचारलं तेव्हा तिने सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं.

"बेटा, त्याला सांग ना मग."

"आजोबा, तो खाली पाठवेल. आणि इकडे फ्लेक्स लागलाय यार. अख्ख्या ग्रुपवर फिरतोय. आता कशी परत येऊ? तुम्हालापण असंच झालेलं ना? तुम्ही गेलेलात ना तरी?"

आजोबांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. "थोडं झोपते. अंधार पडला की निघायचंय," म्हणत तिने फोन ठेवला.

मालन आजी समोर मेथी निवडत बसल्या होत्या. तीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई. चुकलेल्या मुलाला त्या कधी ओरडत नसत, नुसत्या त्याच्याकडे बघत राहत. तशाच त्या आता नवऱ्याकडे बघत होत्या.

"तिला खरं सांगा," त्या म्हणाल्या.

"काय खरं?"

"अहो, सहदेवभाऊजींनी मला त्याच महिन्यात सगळं सांगितलं होतं. तुम्ही खिंडीपर्यंत गेलाच नव्हता. खिंडीवरचा म्हणून टांगलेला तो फोटो खालच्या तळावरचा आहे."

आजोबा तिच्याकडे वळले. चाळीस वर्षं हिला ठाऊक होतं!

"मग बोलली का नाहीस?"

"त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. माणूस थोडं वाढवून सांगतो, मी सोडून दिलं. पण आज तो फोटो पोरीच्या मानेवर बसलाय. लेथचा आवाज बदलला की तुम्ही काय करायचात?"

"मशीन बंद."

"तेव्हा कुणी म्हटलं का, भालेराव हरला म्हणून?"

 आजोबांना परतीच्या दिवशीचा ठाण्याचा प्लॅटफॉर्म आठवला. हार घेऊन आलेली कारखान्यातली माणसं. गेटवरच्या फळ्यावर खडूने आधीच लिहिलेलं अभिनंदन. 'आपण अर्ध्यातून आलो' हे वाक्य तेव्हा ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात गळ्यात हार पडला. एक हार काढवला नाही, आणि त्या संकोचाची पुढे गोष्ट झाली.

त्यांनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. सहाव्या वेळेला रिंग गेली.

"ऋजू, ऐक. मी खिंडीवर गेलो नव्हतो."

तिने काही विचारायच्या आत ते पुढे बोलू लागले.

"मी सहदेवला आई म्हणून हाका मारत होतो, एवढं भान सुटलं होतं. विरळ हवेचा त्रास मेंदूपर्यंत गेला की तोल जातो, म्हणून त्यानं जमिनीवर दोरी सरळ अंथरली आणि म्हणाला, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत हिच्यावरून चाल. तिसऱ्या पावलाला मी कलंडलो. त्यानं माझी पिशवी स्वतःच्या पाठीवर घेतली आणि मला धरून खाली आणलं. खिंड तिथून चार तासांवर होती. त्याची तब्येत ठणठणीत होती गं, तो एकटा जाऊ शकला असता. तुझ्याकडे दोरी आहे?"

"काठी आहे, चालायची."

"ती खाली ठेव. जोसेफला बोलाव. त्याच्यासमोर चाल."

आजोबांनी फोन कानाला घट्ट धरला. आजींच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. दगडांवर बूट घासल्याचा आवाज आला, मग धप्प, मग जोसेफचं घाईघाईचं इंग्रजी.

"आजोबा," ऋजुता रडत होती, "दुसऱ्याच पावलाला पडले."

"माझ्याहून एक कमी," आजोबा म्हणाले.  "आता खाली ये, बाळा."

जोसेफने तिला लगेच खाली न्यायला घेतलं. संध्याकाळी पुष्कळ खालच्या तळावरून तिचा निरोप आला. डोकं दुखायचं थांबलं होतं, आणि भूक लागली होती.

शुक्रवारी प्रशांत ओशाळून आला. गुपचूप फ्लेक्स काढतो म्हणाला. आजोबांनी त्याला थांबवलं. पांढरा आणि काळा ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन ते स्वतः स्टुलावर चढले. 'सर केल्याबद्दल' पुसलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चढताना वेळेवर मागे फिरल्याबद्दल'. आपल्या फोटोखालचं 'ज्येष्ठ गिर्यारोहक' पुसून तिथे लिहिलं, 'सहदेवने खाली आणलेला'. स्टूल धरून उभ्या असलेल्या प्रशांतने ते मोठ्याने वाचलं. "काका, यापुढे माणूस घरी आल्याशिवाय फ्लेक्स नाही," तो म्हणाला.

ऋजुता आल्यानंतरच्या रविवारी आंबिवलीहून सहदेवला मुद्दाम बोलावून घेतलं. आल्या आल्या "जयभीम वहिनी, चटणी आहे का?" असं विचारून तो पंख्याखाली बसला. सोसायटीची मुलं जमली होती. आजोबांनी हिमाचलाची गोष्ट पहिल्यांदाच पुरी सांगितली. मग खाली आवारात दोरी अंथरली आणि एकेक पोर टाचेला बोट लावत तिच्यावरून चाललं.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबाबांनो, डोंगर आफ्रिकेतला असो की परीक्षेचा, चढणाऱ्याला निरोप देताना 'जिंकूनच ये' म्हणू नका. 'बरं वाटेनासं झालं तर परत ये, दार उघडंच आहे' असं म्हणा. परतणाऱ्याची लाज वाटणं आपण सोडलं, तर किती पोरं सुखरूप घरी येतील!

वर घरात भिंतीवर फोटो तसाच आहे. त्या रविवारी ऋजुता त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "सहदेव आजोबा, तुम्ही यात कुठेच कसे नाही?"

सहदेव चटणी चाटत म्हणाला, "अगं, फोटो मीच काढला ना. आणि काढताना एका हातानं ह्याला धरलं होतं. नीट बघ, कोपऱ्यात माझं बोट आलंय."

ऋजुताने चष्मा पुसून पाहिलं. होतं.