खंदकाची कैफियत

मी निळी चादर बोलतेय. सुती, डबल बेडची. शाळेतल्या 'जुन्या काळचा किल्ला' दिवसाचे फोटो वर्गाच्या भिंतीवर लागलेत म्हणे. राजे आहेत, राण्या आहेत, चंदेरी चिलखत तर तीन ठिकाणी आहे. खंदकाचा एकही फोटो नाही. खंदक मी होते! तेव्हा आता मलाच तोंड उघडणं भाग आहे.

दुकानदाराने 'रंग जाणार नाही' अशी शपथ घेऊन मला विकलं आणि पहिल्याच धुण्यात बाबांचे बनियन आकाशी झाले. तेव्हापासून या घरात माझ्याबद्दल कुणी बरं बोलत नाही.

त्या सकाळी बालवर्गात जाणारी आमची बारकी कपाटासमोर रडत उभी होती. आज वेशभूषा आहे, हे बाबांना रिक्षा दारात आल्यावर आठवलं. त्यांनी हिरवा टॉवेल तिच्या पाठीवर बांधला आणि मला गादीवरून ओढलं.

"बाबा, मी कोण?"

"तू... मगर."

"आणि चादर?"

"पाणी. किल्ल्याला खंदक नको का? पळ!"

वर्गात पाहते तर काय! नाव मुलांचं, हौस सगळी पालकांची. एका राणीला झग्यापायी बसता येत नव्हतं, एका सरदाराला टोपापायी दिसत नव्हतं. भाड्याच्या चंदेरी चिलखतातला एकजण बारकीला म्हणाला, "ए टॉवेल, आंघोळ राहिली का?" सगळा दरबार खिदळला. बारकीने मला छातीशी घट्ट धरलं आणि बाईंना म्हणाली, "मला घरी जायचंय."

"वा गं वा! खंदकाशिवाय किल्ला कसला?" बाईंनी बाकांच्या किल्ल्यापुढे मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं, वर पुठ्ठ्याचा पूल टाकला आणि सहज म्हणाल्या, "पाण्यात पाय पडला की मगर खाणार हं!"

इतक्या लहान मुलांना सहज काही सांगू नये.

थोड्याच वेळात दोन सरदार पुलावर लढले आणि पुलाचे दोन तुकडे झाले. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं किल्ल्यात, डबे पलीकडे खिडकीपाशी.

"या रे, चादरच तर आहे!" बाई म्हणाल्या.

एकही पाय हलला नाही. राजाने भोकाड पसरलं.

पोहता येणारी एकटी बारकी. ती पोटावर सरपटत गेली आणि एकेक डबा आणू लागली. चिलखतवाला काठावर वाकला. "मगरताई, माझा लाल झाकणाचा."

"सकाळी काय म्हणालास?"

"...चुकलं."

"जोरात."

"चुकलं, मगरताई!"

डबा मिळाला.

इतक्यात उत्कृष्ट वेशभूषेचं बक्षीस घेऊन मोठ्या बाई आल्या, त्या थेट माझ्यावर, सँडलसकट. वर्ग किंचाळला, "मोठ्या बाई मेल्या!" बारकीने त्यांचा घोटा धरला.

"अगं सोड, मला बक्षीस द्यायचंय."

"मी तुम्हाला खाल्लं. पोटातून बक्षीस देता येत नाही."

मोठ्या बाईंनी बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे पाहत होत्या.

"मग मी काय करू?"

"झोपा."

आणि खरं सांगते, त्या झोपल्या. माझ्यावर, हात पोटावर ठेवून, डोळे मिटून. चिलखतवाल्याचे बाबा बक्षिसाचा फोटो काढायला दारात मोबाईल धरून उभे होते, ते तसेच उभे राहिले. बक्षीस कपाटात परत गेलं. घरी निघताना बारकीला सगळे 'मगरताई, टाटा' करत होते.

आता मी पुन्हा गादीवर आहे, मधोमध सँडलचा ठसा घेऊन. बाबांनी तो साबणाने घासला, लिंबाने घासला. रंग सोडायला मला कुणी सांगावं लागत नाही, पण हा डाग मी सोडणार नाही.

झोपायला आले की बाबा पाय वर घेतात आणि हिरव्या टॉवेलातून आवाज येतो, "पूल कुठाय?" बिचारे निमूट उशी आडवी टाकून तिच्यावरून पलीकडे जातात.

फोटो राहू द्या. भिंतीवरचं कौतुक चिलखतांना लखलाभ. तुम्ही कधी आमच्याकडे आलात आणि टेकायला दुसरी जागा नसली, तर खुशाल माझ्यावर बसा. फक्त आधी मगरीला विचारा.